बॉयलर चिकन बंद करायचं ठरवलं आहे. खरं गावरान कोंबडं, मटण, मासळी तुम्ही कुठून घेता?

काळीमाती_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला शेतकरी. कपाशी, तूर, सोयाबीन, सगळं कोरडवाहू. घरात आई-बाबा, आम्ही दोघं, भाऊ-वहिनी आणि तीन लेकरं. मटण-कोंबडं आमच्याकडे सगळ्यांना आवडते, ते सोडायचा विचार नाही. पण बॉयलर यापुढे घरात आणायचा नाही, असं बायकोनं आणि मी ठरवलं आहे.

कारण सांगतो. आमच्या वावराला लागून एका माणसानं पोल्ट्रीचं शेड टाकलं. तेव्हापासून पावसाळाभर माशा. बंडीवर भाकर सोडली की एका हातानं माशा हाकलायच्या आणि दुसऱ्या हातानं खायचं. मेलेले पक्षी पुरायला पाहिजेत, ते सरळ नाल्यात जातात आणि कुत्रे ओढत आमच्या धुऱ्यावर आणतात. दुसरं, मे महिन्यात फाट्यावर पक्ष्यांची गाडी भर दुपारी उन्हात उभी होती, ड्रायव्हर जेवायला गेलेला. जवळ जाऊन पाहिलं. क्रेटमध्ये कोंबड्या दाटीवाटीनं कोंबलेल्या, चोची उघड्या, धापा टाकत होत्या. खालच्या क्रेटात काही मेलेल्या होत्या आणि बाकीच्या त्यांच्याच अंगावर उभ्या होत्या. संध्याकाळी तोच माल चिकन सेंटरवर उतरला. त्यानंतर माझ्या हातून ते घेणं झालं नाही. त्यात 2024 च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेले, ती बातमी आली तेव्हापासून आई चिकनला हात लावत नाही.

आता अडचण अशी की आठवडी बाजारात 'गावरान' म्हणून जे विकतात ते खरंच गावरान आहे का, हे मला कळत नाही. भाव तिप्पट सांगतात. नऊ माणसांच्या घरात ते परवडवायचं कसं? मटण कुठून घ्यावं? आणि बॉयलरला हार्मोनचं इंजेक्शन देतात असं जो तो सांगते, ते खरं आहे का? जे स्वतः हे करून राहिले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मायघर_आर्वी

भाऊ, मी वर्धा जिल्ह्यातली, आर्वी तालुक्यातली. सासूबाईंच्या काळापासून आमच्या अंगणात कोंबड्या आहेत, थोड्या बकऱ्या आहेत, आणि बॉयलर आमच्या चुलीवर चढत नाही. म्हणून तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसली.

सगळ्यात आधी हे धरून चाला की दर रविवारी नऊ माणसांना गावरान कोंबडं होत नाही. पैशाची गोष्ट नंतर, तेवढ्या कोंबड्याच गावात नाहीत. देशी कोंबडी वर्षाला 60-80 अंडी देते. खुडूक झाल्यावर दहा-बारा अंड्यांवर बसवली तर आठ-नऊ पिल्लं निघतात, त्यातली निम्मी घार, मुंगूस नाहीतर रानमांजर नेते. उरलेला नर दीड किलोचा व्हायला सात-आठ महिने लागतात. तिकडे शेडातला पक्षी 40 दिवसांत दोन किलोच्या वर जाते. त्या वेगानं आणि तेवढ्या भावात गावरान मागाल तर गावरानच्या नावानं दुसऱ्या शेडातलाच माल तुमच्या ताटात येईल.

म्हणून आधी खाण्याचे दिवस कमी करा. आमच्याकडे महिन्यातून एकदा कोंबडं, एकदा मटण, मिळाली तर मासळी, बाकीच्या रविवारी अंड्याचा रस्सा नाहीतर पाटोडी, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा. पोरं आधी कुरकुर करतात. पण कांदा-खोबरं, धने, खसखस मटणासारखंच काळपट भाजून पाट्यावर वाटलं आणि वर तर्री आली की पाटोडीच्या रश्श्यालाही भाकरी कमी पडतात. हिशेबही जुळते. आमच्या बाजारात बॉयलर 220-240 रुपये किलो आहे. चार रविवार दोन-दोन किलो आणलं तर महिन्याला 1,800-1,900 रुपये जातात. त्याच पैशात दोन गावरान कोंबडे आणि किलोभराच्या आत-बाहेर मटण बसते. दिवस कमी होतात, खर्च तेवढाच राहते.

आता ओळखायचं कसं ते. बाजारात जाळीच्या पिंजऱ्यात पंचवीस-तीस कोंबड्या एका वयाच्या, एका वजनाच्या, एकाच ठेवणीच्या दिसल्या की त्या शेडातल्या समजा. बरेचदा तो सोनाली नावाचा संकर असते, विकतच्या खाद्यावर दोन-अडीच महिन्यांत तयार होणारा. त्याचं मांस बॉयलरपेक्षा घट्ट असते, खायला वाईट नाही. पण तो अंगणातला पक्षी नाही आणि पैसे मात्र अंगणातल्या पक्ष्याचे घेतात. दुसरी फसवणूक म्हणजे अंडी देऊन थकलेली लेअर कोंबडी. तिची चोच पाहा, टोक कापलेलं असते. पिंजऱ्यात एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच कापतात. घरची कोंबडी दिवसभर उकरून टिपून पोट भरते, तिची चोच कोण कापेल?

कोंबडी हातात घ्या. गावरान लगेच जोरानं फडफडते, पाय आवळून धरावे लागतात. नखं उकरून उकरून बोथट झालेली असतात, पायाची खवलं खरबरीत, बोटांच्या बेचक्यात माती. एकाच घरच्या तीन कोंबड्या घ्या, एकीचे पाय पिवळे, दुसरीचे काळपट, तिसरीचे पांढुरके. पोटाखालची पिसं बाजूला करून पाहा. शेडात बसून राहणाऱ्या पक्ष्याच्या छातीची पिसं झडलेली असतात, कातडी लाल झालेली असते. मग छातीच्या हाडाचं मागचं टोक अंगठ्यानं दाबा. कोवळ्या पक्ष्याचं ते कूर्चेसारखं वाकते. सात-आठ महिन्यांच्या कोंबड्याचं हाड अंगठ्याखाली हालत नाही. नर असेल तर पायाच्या मागं काटा निघालेला दिसते.

एवढं सगळं पाहूनही बाजारात फसवणूक होते. त्यापेक्षा कोंबडी कोणाच्या अंगणातली आहे ते माहीत असलेलं बरं. तुमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात एवढे तांडे आहेत, घरोघरी कोंबड्या-बकऱ्या आहेत. दोन-तीन घरं धरा आणि बाईशीच बोला. कोंबड्या तिच्या असतात, तीच त्यांना सांभाळते, त्या पैशातूनच पोरांच्या वह्या येतात आणि तिचं स्वतःचं औषधपाणी होते. दारात बसलेल्या माणसाशी सौदा केला तर ते पैसे तिच्या हातात पडत नाहीत. महिनाभर आधी सांगून ठेवा. आमच्याकडे चांगला कोंबडा नगावर 600 च्या आसपास जाते, सणाला त्याहून जास्त. घासाघीस करू नका. त्या बाईला बाजारात नेण्याचा खर्च वाचला, तुम्हाला खात्रीचा माल मिळाला, दोघांचंही भलं झालं.

मटणासाठी आपल्या खेड्यात वाट्यांची पद्धत अजून आहे, ती धरा. आखाडीला, पोळ्याच्या करीला आमच्या गावात आठ-दहा घरं मिळून एक बोकड घेतात. कोणाचा बोकड आहे, कुठं चरते, गावाला माहीत असते. वजन करत नाहीत, उक्ता भाव ठरते. मी स्वतः जाऊन तोंड उघडून पाहते. नुसते दुधाचे दात असतील तर वर्षाच्या आतला, समोरचे दोन पक्के आले असतील तर वर्षाच्या वरचा. नाक वाहते का, रवंथ करते का, लेंडी घट्ट आहे का, एवढं पाहून हो म्हणते. खाटीकदादा उजाडता येतात. मुंडी, पाय, वजडी कोणाकडे जाईल ते आदल्या दिवशीच ठरलेलं असते. धुतलेल्या ताडपत्रीवर पळसाची पानं अंथरतात आणि त्यावर ढीग लावतात. प्रत्येक ढिगात मांडीचं, चापाचं, एक नळी, कलेजीचा तुकडा आणि थोडी चरबी पडलीच पाहिजे. एखाद्या ढिगात नळी राहिली तर म्हाताऱ्या बाया लगेच बोट दाखवतात. मग एका लहान पोराला पाठ करून उभं करायचं, एकानं ढिगावर हात ठेवून विचारायचं "हा कोणाचा?" आणि पोरानं नाव घ्यायचं. त्यावर कोणी काही बोलत नाही. दुकानाचं भाडं नाही, मधला माणूस नाही. दुकानापेक्षा किलोमागे शंभर-दीडशे तरी कमी पडतात, आणि बोकड पोसणाऱ्याला व्यापाऱ्यापेक्षा जास्त भेटतात.

जमेल तर चार-पाच कोंबड्या घरीही ठेवा. मोठा खर्च नाही. खुराडं जमिनीपासून हातभर उंच, दार रात्री आठवणीनं बंद. ज्वारीची चुरी, तांदळाची कणी, भाकरीचे तुकडे. पिल्लांना सासूबाई उधई (वाळवी) खाऊ घालतात. जुन्या मडक्यात ओलं शेण आणि कुटार भरायचं, धुऱ्यावर वारुळाजवळ पालथं घालायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उचललं की आत उधई भरलेली असते. मडकं अंगणात झटकलं की पिल्लं तुटून पडतात. पहिला महिना असं मिळालं तर पिल्लू टणक होते. मात्र पेरणीच्या दिवसांत जपा. औषध लावलेलं लाल-गुलाबी बियाणं अंगणात सांडलेलं राहू देऊ नका, आणि कपाशीवर फवारणी झाली की कोंबड्या त्या वावरात सोडू नका. 2017 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, तिथं कोंबडीची काय कथा.

हार्मोनचं इथं कोणी जाणकार असतील ते सांगतील.

संत्राबाग_मोर्शी

रामराम. मी मोर्शीकडचा. मायं सोताचं शेड होतं, करारावर. आता बंद हाय. म्हून दोन गोष्टी आतून पाहिलेल्या सांगतो.

भाऊ, शेजाऱ्यानं मेलेले पक्षी नाल्यात टाकणं चूकच हाय. खोल खड्डा करून चुना टाकून पुरा लागते. त्याले ग्रामपंचायतीत बोलावून सांगा, लेखी द्या. पण तो माणूस कोणत्या हालात काम करते तेबी पाहा. करारात पिल्लं कंपनीचे, खाद्य कंपनीचं, औषधी कंपनीची. शेड, तूस, लाईट, पाणी अन् मेहनत आपली. पक्षी आपले नसतातच, आपण फक्त वाढवून द्याचे. किलोमागं ठरलेली वाढवणी भेटे. सुपरवायझर ये, पाण्यात अमुक औषध टाका म्हणे, मी टाकत होतो. काऊन टाकाचं ते त्यानं कधी सांगतलं नाही.

आपल्या इकडचा उन्हाळा 45-46 डिग्रीचा. एका मे महिन्यात दुपारी लाईट गेली अन् जनरेटर चालू झालाच नाही. मी बकेटीनं छतावर पाणी मारून राहिलो होतो, बायको बारदाने भिजवून जाळीले बांधून राहिली होती. पक्षी एकमेकाच्या अंगावर पडून मरत होते. शेडात पाय ठेवाले जागा नव्हती. रात्री कंदील लावून खड्डा खंदला. त्या बॅचचा हिशेब झाला तवा मजुरीबी निघाली नाही. त्यानंतर 2020 मध्ये कोरोनाच्या सुरुवातीले चिकनची अफवा उठली अन् भाव मातीत गेला, तवा शेड बंदच केलं.

अन् एक ध्यानात घ्या. पोल्ट्रीचं खाद्य म्हंजे मका अन् सोयाबीनची ढेप. आपण पिकवतो तेच सोयाबीन. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलले 10 हजाराच्या आसपास गेलं होतं. तवाच पोल्ट्रीवाल्याच्या मागणीवरून सरकारनं 12 लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेली) सोयाढेप बाहेरून आणाले परवानगी देली. आपला नवा माल बाजारात आला तवर भाव पडला होता. स्वस्त चिकनची किंमत अशी आपल्याच खिशातून जाते, हे लोकाले दिसत नाही.

आता मी संत्र्याच्या बागेत थोडे पक्षी मोकळे सोडतो. वनराजा अन् गिरिराज, शंभराच्या आसपास. भोवताल जाळी, झाडाखाली सावली, गवत-किडे खातात, वरून घरची मक्याची भरड. फवारा मारला की त्या भागात काही दिवस सोडत नाही. चार महिन्यानं विकतो. मी गिऱ्हाइकाले सांगतो का हे गावरान नाही, सुधारित जात हाय, पण मोकळ्यात वाढलेली हाय. गावरानपेक्षा स्वस्त पडते, चवीले बॉयलरच्या कितीतरी वर. नऊ माणसाच्या घराले हा मधला रस्ता परवडन. तुमच्याकडं असा कोणी असन तर त्याच्या बागेत जाऊन पाहा. जो माणूस पक्षी कुठं वाढवते ते दाखवाले नाही म्हणते, त्याच्याकडून घेऊ नका.

पशुसेवा_अचलपूर

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो. हार्मोनबद्दल विचारलं आहे म्हणून लिहितो.

बॉयलरला वाढीसाठी हार्मोनचं इंजेक्शन देत नाहीत. हजारो पक्ष्यांना एकेक धरून सुया टोचत बसणं कोणाला परवडत नाही, आणि वाढीचं हार्मोन हे प्रथिन असल्यानं खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाते. पक्षी एवढा लवकर वाढते ते अनेक दशकांच्या निवड पैदाशीमुळे आणि भरपूर ऊर्जा-प्रथिनांच्या खाद्यामुळे. त्याची किंमत पक्षीच मोजते. पाय वजन पेलत नाहीत, हृदयावर ताण येते, उन्हाळ्यात लवकर दगावते.

काळजी करायची ती अँटिबायोटिकची. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं 2014 मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे 70 नमुने तपासले होते, त्यातल्या 40 टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. आजार नसताना वाढीसाठी आणि खबरदारी म्हणून थोड्या-थोड्या मात्रेत औषध देत राहिलं की औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. ते मांसातून, विष्ठेतून, पाण्यातून पसरतात आणि उद्या माणसाला तेच औषध लागू पडत नाही. युरोपात वाढीसाठी अँटिबायोटिक देण्यावर 2006 पासून बंदी आहे. आपल्याकडे कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध कोंबड्यांना देण्यावर 2019 च्या जुलैत बंदी आली. गरज असताना औषध द्यायला हरकत नाही, पण त्यानंतर ठरलेले दिवस गेल्याशिवाय पक्षी विकायचा नसते. संत्राबागवाल्या भाऊंसारख्या माणसाकडून घेताना हेच विचारा, शेवटचं औषध कधी दिलं होतं.

बर्ड फ्लूसाठी आईंना सांगा, आतपर्यंत 70 अंशांच्या वर शिजलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही, आणि आपला रस्सा तर उकळत राहते. धोका आजारी पक्षी हाताळण्यात आहे. गावरान असो की बॉयलर, मान टाकलेला, मेलेला पक्षी हातानं सोलायचा नाही. बकऱ्यांचंही तसंच. अचानक मेलेलं, नाका-गुदातून काळं रक्त आलेलं जनावर कोणी स्वस्तात वाटून देत असेल तर जवळही जाऊ नका, कापूही देऊ नका. तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकते आणि माणसाला होते. आधी गुरांच्या दवाखान्यात कळवा.

घरी कोंबड्या ठेवणार असाल तर मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस द्याच. गावरान कोंबडी काटक असते म्हणून लोक लस देत नाहीत, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मानमोडी आली की आठवड्यात गावातली सगळी खुराडी रिकामी होतात. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बीचं इंजेक्शन. सुधारित जातीची पिल्लं हवी असतील तर नागपूरला शासनाचं अंडी उबवणी केंद्र आहे, तिथं नोंदणी करा. कडकनाथ घ्या, एवढे पक्षी घेतले की परत विकत घेऊ, असं कोणी सांगत आलं तर पैसे देऊ नका. मूळ जात चांगली आहे, झाबुआची, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण 2019 मध्ये अशाच परत-खरेदीच्या हमीवर महाराष्ट्रातले पुष्कळ शेतकरी बुडाले.

बकऱ्यांसाठी बाहेरच्या महागड्या जातीमागे जायची गरज नाही. आपली बेरारी बकरी नोंदणीकृत जात आहे, आपल्या ऊन-काट्यात टिकते आणि मटणाला उत्तम.

तलावकाठ_साकोली

मासळीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. आम्ही भंडारा-गोंदियाकडचे, इथं मालगुजारीच्या काळातले तलाव आहेत. ढिवरांच्या (मासेमारांच्या) सोसायट्या ते ठेक्यानं घेतात आणि पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडतात. हिवाळा सरता सरता पाणी उतरते तेव्हा जाळं पडते. त्या दिवशी पहाटे तलावाच्या पारीवर उभं राहा. रोहू, कतला तर मिळेलच, नशीब असेल तर मरळही. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते, म्हणून ओल्या पोत्यात घालून घरी आणता येते. कल्ले लालभडक, डोळा फुगीर, बोटानं दाबलेलं मांस लगेच वर आलं की ताजी. बर्फाच्या पेटीत आंध्रातून येणाऱ्या मासळीच्या डोळ्यात आणि हिच्या डोळ्यात फरक लगेच दिसते.

दारव्ह्याकडेही पाझर तलाव आणि छोटे प्रकल्प आहेत, त्यांचे ठेके कोणत्या सोसायटीकडे आहेत ते विचारून ठेवा आणि जाळ्याच्या दिवशी जा. एक सावधगिरी, मिशावाला, जाडजूड, स्वस्त विदेशी मांगूर घेऊ नका. त्यावर देशात 2000 पासून बंदी आहे, 2019 मध्ये हरित लवादानं त्याचे साठे नष्ट करायला सांगितले, तरी चोरून विकतात. त्याला चिकन-मटणाच्या दुकानातली घाण खाऊ घालून वाढवतात. बॉयलर बंद करून तो घरात आणण्यात काय अर्थ.

काळीमाती_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला बर्ड फ्लूचं वाचून दाखवलं, तिची भीती बरीच उतरली. कल्ले पाहायचं आणि छातीचं हाड दाबायचं बाबांना सांगितलं तर ते म्हणाले हे त्यांना आधीच माहीत होतं, आम्हीच कधी विचारलं नाही.

आमच्या शेजारच्या तांड्यात दोन घरी बोलून आलो. एका काकीकडे पंधरा-वीस कोंबड्या आहेत. ती म्हणते, कोंबडे देईन, पण दर उन्हाळ्यात रोगानं मरतात, गेल्या साली तीनच वाचल्या. लस द्यायला ती तयार आहे. दवाखान्यात विचारलं तर लासोटाची कुपी शंभर कोंबड्यांची असते म्हणाले, फोडली की ठेवता येत नाही. एका घरासाठी एवढी कुपी फोडायची का? आणि तिथपर्यंत थंड कशी न्यायची?

मायघर_आर्वी

भाऊ, एका घरासाठी कशाला, पूर्ण तांड्यासाठी न्या. आमच्या गावात आम्ही बचत गटाच्या बाया हेच करतो. आधी घरोघरी मोजून घ्यायचं, किती कोंबड्या आणि किती पिल्लं. शंभरच्या जवळ आकडा आला की कुपी आणायची. पैसे कोंबडीमागे वाटून घेतले तर घराला किरकोळ पडते. पहिल्यांदा तुम्हीच भरा, त्या बायांना भरवसा बसेल आणि वर्षभर कोंबडे तुम्हालाच आधी विचारून देतील.

न्यायचं म्हणजे दवाखान्यातून घेताना थर्मासमध्ये बर्फ भरून न्या, कुपी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मध्ये ठेवा. सोबत मिळणारं पाणीही त्याच बर्फात. लस तिथं पोचल्यावरच कालवा आणि दोन तासांच्या आत संपवा. कालवल्यावर उन्हात ठेवली तर वाया गेली. दोघं जण हवेत, एकानं कोंबडी काखेत धरून डोळा वर करायचा, दुसऱ्यानं थेंब टाकायचा. कोंबडीनं डोळा मिटेपर्यंत थांबा, नाहीतर ती मान झटकते आणि थेंब बाहेर जाते. मोठ्या कोंबड्यांचं इंजेक्शन दवाखान्यातल्या दादांकडूनच करून घ्या. आजारी दिसणारी कोंबडी त्या दिवशी वगळा.

आणि हे सगळं दिवेलागणीला करा, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर. तांड्यात पुष्कळ घरच्या कोंबड्या कडुनिंबावर झोपतात. काकीला सांगा, आदल्या दोन-तीन संध्याकाळी खुराड्याच्या दाराशी थोडी ज्वारी टाकायला लावा म्हणजे त्या आत जायला लागतील. नाहीतर कालवलेली लस हातात आणि कोंबड्या झाडावर, असं होईल.